शोभेआधी श्वास : एका व्हिक्टोरियन घराचा जीर्णोद्धार

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या व्यासपीठावरून विद्वानांची व्याख्याने झाली. त्या पंक्तीत माझ्यासारख्या कापडाच्या व्यापाऱ्याला पाचारण करण्यात आले, याबद्दल मी कृतज्ञ आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्याची चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवर गेली. स्थापत्यशास्त्र मी शिकलेलो नाही. तथापि लंडनच्या ईशान्येकडील वॉल्थमस्टो या उपनगरात माझ्या चिरंजीवाने एक जुने घर घेतले आणि त्याच्या खोल्यांची दुरुस्ती व सजावट चालू असताना मी सपत्नीक दोन वेळा मिळून आठ महिने तेथे राहिलो. विश्वस्त मंडळींनी त्याविषयी बोलण्याचा आग्रह केला, म्हणून हे चार शब्द.

सुरुवातीसच माझे प्रतिपाद्य सांगून टाकतो. जुन्या घराची शोभा ही शेवटची पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे त्या घराचा कोंडलेला श्वास मोकळा करणे. हा क्रम पाळला तर खर्च कमी होतो आणि घर टिकते. क्रम उलटला तर पैसा जातो आणि घरही जाते.

व्हिक्टोरियन घर म्हणजे काय?

राणी व्हिक्टोरिया १८३७ साली गादीवर आली व १९०१ साली निवर्तली. या चौसष्ट वर्षांत बांधलेल्या घरांना स्थूलमानाने व्हिक्टोरियन म्हणतात. या घरांचे रूप घडविण्यात करांचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट मला व्यापारी म्हणून विशेष लक्षणीय वाटली. काचेवरील कर १८४५ साली, विटांवरील कर १८५० साली आणि खिडक्यांवरील कर १८५१ साली रद्द झाला. परिणामी खिडक्या मोठ्या झाल्या, तावदाने रुंद झाली आणि दर्शनी खोलीला पुढे आलेली तिपाखी खिडकी मिळाली. त्याच सुमारास रेल्वेमुळे वेल्समधील पाटीच्या दगडाची कौले दूरवर स्वस्तात पोहोचू लागली. वॉल्थमस्टोला रेल्वे १८७० साली आली आणि पुढील तीस वर्षांत तेथील शेतांच्या जागी एकमेकांना खेटून बांधलेल्या घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. चिरंजीवाचे घर त्यांपैकीच एक.

अशा घराची रचना ठरलेली असते. दारातून आत गेल्यावर अरुंद बोळ व जिना, डाव्या किंवा उजव्या हाताला पाहुण्यांची दर्शनी खोली, तिच्या मागे जेवणाची खोली, त्यामागे स्वयंपाकघर व मोरी, आणि वर निजायच्या खोल्या. प्रत्येक मुख्य खोलीत कोळशाची शेगडी आणि वर धुराडे. बाहेरच्या भिंती नऊ इंचांच्या भरीव विटांच्या, चुन्यात बांधलेल्या आणि आतून चुन्याचाच गिलावा केलेल्या. तळमजल्याची जमीन लाकडी फळ्यांची असून तिच्याखाली पोकळी असते. त्या पोकळीत हवा खेळावी म्हणून भिंतीच्या पायथ्याशी सच्छिद्र विटा बसविलेल्या असतात.

या रचनेचे मर्म मला कापडाच्या भाषेत लवकर उमगले. सुती सदरा घाम शोषतो आणि वाऱ्यावर सोडूनही देतो. चुन्याची भिंत तशीच आहे. पावसाचे पाणी तिच्यात थोडे मुरते आणि ऊन-वाऱ्याने निघून जाते. या भिंतीवर बाहेरून सिमेंट आणि आतून प्लॅस्टिकचा रंग चढविला, तर सुती सदऱ्यावर रेनकोट घालून उन्हात उभे राहिल्यासारखी तिची अवस्था होते. पाणी बाहेर पडत नाही आणि आतल्या आत सर्व काही कुजू लागते.

भिंतीची ओल आणि निदानाचा प्रश्न

घर ताब्यात आले तेव्हा दर्शनी खोलीची भिंत जमिनीपासून सुमारे तीन फुटांपर्यंत काळवंडलेली होती. त्या खोलीला लागून असलेल्या मागील खोलीत नातू निजत असे. तो सात वर्षांचा आणि रात्रभर खोकायचा. घर घेण्यात मुलाची व सुनेची सर्व बचत संपली होती. चूक निर्णयाला जागाच उरली नव्हती.

ओल घालविण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीने विनामूल्य तपासणी केली. तिच्या माणसाने भिंतीला एक विद्युत्‌मापक लावला आणि जमिनीतून ओल चढत असल्याचा अहवाल दिला. उपाय असा की, भिंतीला भोके पाडून रसायन भरायचे, जुना गिलावा खरवडून काढायचा आणि त्या जागी जलरोधक सिमेंट थापायचे. आकडा मोठा होता, पण काम आठवड्यात पूर्ण होणार होते. दिवाळीपूर्वी घर सजवून स्नेह्यांना बोलवावे, अशी चिरंजीवाची इच्छा होती. त्याला हा मार्ग पसंत पडला.

सूनबाईंनी मात्र हिशेबाचा एक मुद्दा मांडला. जो औषध विकतो त्याच्याकडूनच रोगाचे निदान करून घेणे कितपत योग्य? मला तो मुद्दा तत्काळ पटला. रोखपाल आणि हिशेबतपासनीस या दोन व्यक्ती वेगळ्या असाव्यात, हे आम्हाला वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकविले होते. म्हणून काहीही विकत नसलेला, केवळ शुल्क घेऊन तपासणी करणारा, जुन्या घरांचा जाणकार बोलाविण्यात आला. तो खोलीत येण्यापूर्वी अर्धा तास बाहेर फिरत राहिला आणि त्याने चार गोष्टी दाखविल्या.

पहिली, पूर्वीच्या मालकाने अंगणात काँक्रीट ओतून जमीन इतकी उंच केली होती की, पायथ्याच्या सच्छिद्र विटा अर्ध्या बुजल्या होत्या. दुसरी, छपराच्या पन्हाळीचा एक सांधा निखळून पाणी त्याच भिंतीवर पडत होते. तिसरी, विटांमधील चुन्याच्या दरजा उकरून त्यांत सिमेंट भरले होते. चौथी, आतील शेगडी प्लायवूडने बंद करताना हवेसाठी झरोका ठेवला नव्हता. “भिंत आजारी नाही, तिला कोंडले आहे,” असे त्या गृहस्थाचे म्हणणे होते.

उपाय साधा निघाला. काँक्रीट फोडून अंगण खाली घेतले, पन्हाळ दुरुस्त केली, दरजा पुन्हा चुन्याने भरल्या, शेगडी उघडली. पण या उपायाची एक अट होती आणि तीच सर्वांत कठीण ठरली. ती म्हणजे थांबणे. ओली भिंत महिन्याला साधारण एक इंच जाडी या गतीने सुकते, असा तेथील कारागिरांचा ढोबळ हिशेब आहे. नऊ इंचांच्या भिंतीला नऊ महिने. दिवाळी आली आणि दर्शनी खोली उघड्या विटांसह तशीच राहिली. नातवाचा पलंग वरच्या कोरड्या खोलीत हलविला आणि त्याचा रात्रीचा खोकला कमी झाला. सूनबाई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भिंतीवर पेन्सिलीने ओलीची रेघ ओढून तारीख लिहीत. आमच्या पहिल्या मुक्कामात त्या रेघा जेमतेम हलल्या. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो तेव्हा शेवटची रेघ जमिनीला टेकली होती. भिंतीला एकही भोक पाडावे लागले नाही.

गिलावा, रंग आणि आपला विवेक

नवा गिलावा चुन्याचाच करायचा ठरल्यावर एक प्रश्न उभा राहिला, जो तेथील कारागिरांना अनपेक्षित होता. पारंपरिक चुन्याच्या गिलाव्यात चिवटपणा यावा म्हणून जनावरांचे केस मिसळतात. जुन्या पद्धतीच्या डिस्टेंपरमध्ये खडूची भुकटी बांधण्यासाठी कातड्यापासून केलेला सरस असतो. चुन्याच्या सफेदीतही कधी कधी चरबी घालतात. आपल्या घरात हे चालणार नव्हते. विचारणा केल्यावर पर्याय मिळाले. गिलाव्यात केसांऐवजी वनस्पतिजन्य तंतू वापरले, सफेदी चरबीविरहित घेतली आणि दोन खोल्यांना दुधातील प्रथिनावर बांधलेला डिस्टेंपर दिला. मिस्त्रीने प्रश्न ऐकून प्रथम स्मित केले, परंतु पुढे प्रत्येक पिंपावरील घटकांची यादी तो स्वतः होऊन वाचून दाखवू लागला. श्रद्धा आणि जुन्या वास्तूची शिस्त यांत विरोध येत नाही. फक्त काम सुरू होण्यापूर्वी विचारावे लागते.

जुना रंग काढताना दुसरी सावधगिरी आवश्यक असते. त्या काळच्या तैलरंगांत शिसे असे. दारे-खिडक्या कोरड्या घासल्या तर शिशाची धूळ उडते आणि ती लहान मुलांना फार घातक असते. म्हणून प्रथम चाचणी करावी, ओलसर पद्धतीने काम करावे आणि शक्य तेथे जुना थर न खरवडता त्यावरच नवा रंग द्यावा. छताच्या कडेची कॉर्निस म्हणजे पानाफुलांची नक्षीदार पट्टी होती. अनेक थरांखाली तिची पाने अक्षरशः गुदमरली होती. वाफ देऊन एकेक पान मोकळे करण्यास बारा दिवस लागले. छताच्या मध्यावरील फूल उघडले तेव्हा त्याच्या भोवतालचा सुबक वेलही दिसू लागला.

रंगांविषयी बोलताना व्यापाऱ्याने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १७७५ साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने तांबे व आर्सेनिक यांपासून झळाळता हिरवा रंग बनविला. पुढे या आणि अशाच हिरव्या रंगांचे भिंतीचे कागद व्हिक्टोरियन घरांत मोठ्या प्रमाणावर लागले. म्हणजे दिवाणखान्याच्या भिंतीवर विष चिकटविले जात होते. थोर नक्षीकार विल्यम मॉरिस यांच्या प्रारंभीच्या एका कागदातही आर्सेनिक असल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिसून आले. त्यांच्या कुटुंबाला समृद्धी देणारी डेव्हनमधील तांब्याची खाण पुढे आर्सेनिकचीही मोठी उत्पादक ठरली होती. मॉरिस यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. तरीही आपल्या मालात काय मिसळले आहे आणि आपला नफा कोठून येतो, हे प्रश्न सुंदर वस्तू बनविणाऱ्यालाही सुटत नाहीत, हे यातून दिसते.

खिडक्या आणि शेगडी

या घरांच्या खिडक्या वर-खाली सरकतात. चौकटीच्या पोकळीत बिडाची वजने दोरीने टांगलेली असतात आणि दोरी कप्पीवरून जाते. वरचे व खालचे तावदान थोडे थोडे उघडले की वरून गरम हवा बाहेर जाते आणि खालून थंड हवा आत येते. शेजारच्या अनेक घरांनी त्या काढून प्लॅस्टिकच्या खिडक्या बसविल्या आहेत. आमच्या सुताराने चाकू टोचून लाकूड तपासले. सावकाश वाढलेल्या पाइनचे ते लाकूड शंभर वर्षांनंतरही घट्ट होते. कुजला होता तो फक्त खालचा उंबरा. तेवढाच भाग कापून त्याने नवा तुकडा सांधला, दोऱ्या बदलल्या आणि फटींत ब्रशाच्या पट्ट्या बसविल्या. कपड्याला ठिगळ लावता येत असेल तर ठाण फाडू नये, हा आमच्या पेढीचा नियम तेथे लाकडालाही लागू पडला.

बंद शेगडीमागे बिडाची मूळ चौकट आणि दोन्ही बाजूंस रंगीत फरशांची उभी रांग शाबूत सापडली. आता तेथे कोळसा जाळत नाहीत. धुराडे साफ करून हवा खेळती ठेवली आहे. प्रवेशाच्या बोळातील काळ्या, तांबड्या व बदामी फरशांवर जाजमाचा चिकट थर होता. तो आम्ल न वापरता, कोमट पाणी व सौम्य साबणाने, सूनबाई आणि माझ्या पत्नीने गुडघ्यांवर बसून काढला.

पडदे : माझे स्वतःचे क्षेत्र

सर्वांत शेवटी कापड आले आणि तेथे मला अधिकाराने बोलता आले. आपण ज्याला चीट म्हणतो आणि इंग्रज ज्याला चिंट्झ म्हणतात, ते शब्द एकाच घराण्यातील आहेत. हिंदुस्थानी छापील कापडाची तेथे इतकी चटक लागली की, स्वदेशी विणकरांच्या संरक्षणासाठी इंग्लंडला १७०१ व १७२१ साली त्यावर बंदीचे कायदे करावे लागले. ती बंदी १७७४ साली उठली. व्हिक्टोरियन काळापर्यंत तेच छाप यंत्रावर निघून इंग्लंडच्या घराघरांत पोहोचले होते.

मॉरिस यांचा जन्म १८३४ साली वॉल्थमस्टोमध्येच झाला. त्यांचे कुटुंब जेथे राहिले, त्यांपैकी एका घरात १९५० पासून त्यांच्या कार्याचे संग्रहालय आहे. मुलाच्या घरापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने मी तेथे पाच-सहा वेळा जाऊन आलो. त्यांचे १८८३ सालचे स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पक्ष्यांचे कापड पाहून मी थक्क झालो. आधी सर्व कापड निळीत बुडवायचे, मग ठशाने हव्या त्या जागी निळा रंग उडवायचा आणि त्या मोकळ्या जागांत तांबडा व पिवळा भरायचा. प्रत्येक रंगासाठी धुणे आणि वाळविणे वेगळे. आपले रंगारी हे कष्ट चांगले ओळखतात. असे कापड अर्थातच महाग असे. वॉल्थमस्टोच्या रांगेतील घरांच्या खिडक्यांना बहुधा नॉटिंगहॅमच्या यंत्रावर विणलेल्या लेसचे स्वस्त पडदे असत.

म्हणून आम्ही मध्यम मार्ग धरला. रेशीम आपण का टाळतो, हे येथे सांगावयास नको. निजायच्या खोल्यांना साधे जाड सुती कापड, आतून अस्तर लावलेले. थंडीत असा पडदा खिडकीला पांघरुणासारखा उपयोगी पडतो. फक्त दर्शनी खोलीला फुलापानांचा छाप. तेथे हिशेब कसा फसवा असतो पाहा. खिडकी १८० सेंटिमीटर रुंद, चुण्यांसाठी दुप्पट म्हणजे ३६० सेंटिमीटर. पन्हा १३७ सेंटिमीटर, म्हणजे तीन पन्हे. मुडपणीसह उंची २६५ सेंटिमीटर. कापड साधे असते तर ७ मीटर ९५ सेंटिमीटर पुरले असते. पण छाप दर ५२ सेंटिमीटरला पुन्हा येत होता. फूल फुलाला जुळायचे तर प्रत्येक पन्हा ३१२ सेंटिमीटरचा कापावा लागतो. एकूण ९ मीटर ३६ सेंटिमीटर. जवळजवळ दीड मीटर कापड केवळ नक्षी जुळविण्यासाठी. उरलेल्या तुकड्यांच्या उशांच्या खोळी झाल्या. व्यापाऱ्याच्या घरात कापड वाया कसे जाईल?

काय राखावे?

लंडनच्या केन्सिंग्टन भागात, १८ स्टॅफर्ड टेरेस येथे, पंच साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार लिन्ली सँबोर्न १८७५ पासून राहत. त्यांच्या वंशजांनी घरातील कागद, पडदे आणि दाटीवाटीने लावलेली चित्रे जवळजवळ तशीच राहू दिली. अशी घरे जुनाट मानून पाडली जात असताना, त्यांच्या रक्षणासाठी व्हिक्टोरियन सोसायटी स्थापन करण्याचा विचार १९५७ साली याच घरातील बैठकीत झाला. आज ते घर संग्रहालय म्हणून खुले आहे. मॉरिस यांनीही १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापिली होती. जुने खरवडून नव्याने “जुने” करू नका, जे आहे त्याची वेळीच डागडुजी करा, असा तिचा आग्रह आहे.

राहत्या घराचे संग्रहालय करता येत नाही, हे मान्य. चिरंजीवाच्या घरात नवी वीज, नवे नळ, नवे स्नानगृह आलेच. परंतु काढून टाकलेली वस्तू परत मिळत नाही आणि राखलेली वस्तू पुढील पिढीला हवी तर काढता येते. म्हणून शंका असेल तेव्हा राखावे, एवढा नियम पुरेसा आहे.

आपल्या गावातही चुन्यात बांधलेले वाडे अजून उभे आहेत. पावसाळ्यात भिंत ओलावली की आपण सिमेंटचा गिलावा करून वर चकचकीत तैलरंग देतो आणि दोन वर्षांत पोपडे निघाले की जुन्या बांधकामाला नावे ठेवतो. माझी विनंती एवढीच की, हातोडा उचलण्यापूर्वी एकदा पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराबाहेर उभे राहावे आणि पाणी कोठून येते, कोठे अडते, हे पाहावे. आधी छप्पर व पन्हाळ, मग जमिनीचा उतार व हवा, मग लाकूड व वीज, मग गिलावा, मग रंग, आणि सर्वांत शेवटी पडदा. माझे दुकान पडद्यांचे असूनही मी हे सांगतो आहे, यावरून त्यात स्वार्थ नाही हे आपण ओळखालच.

 संस्थेच्या शतकमहोत्सवाला आपल्या नातवंडांनी आजच्याच काही वास्तूंत बसून भाषणे ऐकावीत, अशी सदिच्छा व्यक्त करून माझे दोन शब्द संपवितो. जय जिनेंद्र.